भीमाकांठचे दुष्काळ व पूर
(वढू बुद्रुक व भोंवतालच्या मुलखाविषयीं एक अभ्यासपाठ)

वढू बुद्रुक हें गांव पुणें जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यांत भीमा नदीच्या कांठीं वसलें आहे. छत्रपति संभाजी महाराजांच्या समाधीमुळें त्याचें नांव साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक आहे. परंतु ह्या गांवाच्या इतिहासाचा एक मोठा भाग कोणीं दगडावर कोरून ठेवलेला नाहीं. तो भाग म्हणजे पावसाचा इतिहास. कोणत्या वर्षीं मृग कोरडा गेला, कोणत्या वर्षीं नदी घरांत शिरली, गुरें कोठें नेलीं, गांव सोडून गेलेल्यांपैकीं कोण परत आले व कोण आले नाहींत, हें सारें म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीं असतें. आणि तीं माणसें गेलीं म्हणजे त्यांच्याबरोबर तेंही जातें. म्हणून ह्या पाठांत आपण भीमाकांठच्या, म्हणजे शिरूर व दौंड ह्या दोन तालुक्यांच्या, आपत्तींचा क्रमानें विचार करूं.

पाठाचें सूत्र आम्ही आरंभींच सांगून ठेवतों. पाऊस न पडणें ही एक गोष्ट आहे, आणि माणसें अन्नावांचून मरणें ही दुसरी. पहिली आपल्या हातीं नाहीं. पहिलीपासून दुसरी उद्भवावी कीं नाहीं, हें मात्र पुष्कळ अंशीं माणसांनीं केलेल्या व्यवस्थेवर अवलंबून असतें. वाचकांनीं एवढें मनांत धरून पुढील हकीकत वाचावी.

१. भूमि व मेघ

आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून, समुद्रावरून येतो. सह्याद्रीस धडकून तो आपलें बहुतेक ओझें तेथेंच टाकतो. लोणावळ्यास वर्षांत दीडशे इंचांहून अधिक पाऊस पडतो. शिरूर व दौंडच्या बाजूस तो वीस इंचांच्या आसपासच असतो. डोंगराच्या पाठीमागें राहिल्यामुळें हा मुलूख पर्जन्यच्छायेंत येतो. ह्यामुळें येथील शेतकऱ्यास दोन संधि मिळतात: एक जूनपासूनच्या पावसाची बाजरी, आणि दुसरी हस्त-चित्रांच्या परतीच्या पावसावर येणारी रब्बीची ज्वारी. एक संधि हुकली तर मनुष्य हात आखडून दिवस काढतो. दोन्ही हुकल्या तर त्यास दुष्काळ म्हणतात.

नदीची गोष्ट मात्र उलट आहे. भीमा भीमाशंकराच्या डोंगरांत उगम पावते. वढूजवळच तुळापूर येथें भामा व इंद्रायणी ह्यांचें पाणी तिला मिळतें. पुढें मुळामुठा व नंतर घोड ह्या नद्याही तिला येऊन मिळतात. ह्या सर्व नद्या घाटमाथ्याचें पाणी आणतात. म्हणून आपल्या शेतावर ऊन पडलेलें असतां नदी दुथडी भरून वाहते, आणि ज्या वर्षीं शिवार करपलें त्याच वर्षीं कांठचीं घरें पाण्याखालीं गेलीं असेंही घडूं शकतें. पाण्याचें दुर्भिक्ष व पाण्याचा लोंढा हीं दोन्ही येथें शेजारीं शेजारीं राहतात.

२. जुने दुष्काळ व इंद्रायणींतले कागद

दख्खनच्या जुन्या दुष्काळांपैकीं दुर्गादेवीचा दुष्काळ लोकांच्या तोंडीं फार आहे. तो चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला व बारा वर्षें चालला अशी परंपरा आहे. त्यानंतरचा मोठा दुष्काळ इ. स. १६३० ते १६३२ चा. त्या वेळीं अवर्षणाच्या जोडीला लढायाही होत्या. शहाजहान बादशहाच्या फौजा दक्षिणेंत उतरल्या होत्या, आणि पुणें परगणा विजापूरकरांच्या हातून उजाड झाला होता. शेतांत उगवलें नाहीं, आणि जें होतें तें लष्करानें नेलें.

ह्याच दुष्काळांत इंद्रायणीकांठीं देहू येथें तुकारामबुवांचें घर बसलें. त्यांची पहिली पत्नी अन्नावांचून गेली व मुलगाही गेला. बुवांच्या घराण्यांत दुकान व सावकारी होती. परंपरा सांगते कीं, ह्या दुःखानंतर त्यांनीं आपल्या वांट्याचीं कर्जखतें इंद्रायणींत सोडून दिलीं. त्या कृतींतला अर्थ आमच्या वाचकांनीं लक्षांत घ्यावा. ज्याच्यावर कर्ज आहे त्यास दुष्काळ दोनदां मारतो, एकदां भुकेनें व एकदां व्याजानें, हें त्या काळींही कळत होतें.

पुढें १७९२ सालीं, आणि नंतर १८०३ व १८०४ सालीं पुन्हां दुर्भिक्ष पडलें. त्यांपैकीं शेवटल्या प्रसंगीं यशवंतराव होळकरांच्या फौजांनीं केलेली नासधूस व पावसाची ओढ हीं दोन्ही एकत्र आलीं. ह्यावरून पहिला धडा मिळतो: दुष्काळ क्वचितच एकटा येतो. युद्ध, कर्ज किंवा रोग ह्यांपैकीं कोणी तरी त्याचा हात धरून येतो.

३. १८७६ चा दुष्काळ

एकोणिसाव्या शतकांतील मोठ्या दुष्काळापूर्वींच आपल्या मुलखांतील कुणबी कर्जानें वांकला होता. अमेरिकेंतील युद्धाच्या वेळीं कापसास चढा भाव आला; तो उतरल्यावर सावकाराचीं खतें तेवढीं उरलीं. १८७४ च्या डिसेंबरांत शिरूर तालुक्यांतील करडे येथें लोकांनीं सावकाराशीं व्यवहार तोडला. १२ मे १८७५ रोजीं त्या वेळच्या भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें दंगा उसळला व तो शिरूरसह अनेक गांवीं पसरला. ठिकठिकाणीं लोकांनीं मुख्यत्वें कर्जखतेंच मागून घेतलीं व जाळलीं. तुकारामबुवांनीं जे कागद आपण होऊन पाण्यांत सोडले, तसले कागद अडीचशे वर्षांनीं अग्नींत गेले. पुढें १८७९ सालीं सरकारनें दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं स्वतंत्र कायदा केला.

अशा स्थितींत १८७६ चा पावसाळा फसला. पुणें, सोलापूर, सातारा, नगर आणि कर्नाटकांतील जिल्हे होरपळले. १८७८ पर्यंत दक्षिण हिंदुस्थानांत पन्नास लाखांहून अधिक माणसें मेलीं. येथें एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. आगगाडी १८६० सालींच पुण्याहून दौंडमार्गें सोलापुरास पोंचली होती. धान्य आणतां येत होतें व आणलेंही गेलें. परंतु बाजरी स्टेशनावर उतरली तरी जिच्या पदरीं पैसा नाहीं त्या मजुरणीच्या चुलीपर्यंत ती कशी पोंचावी? शेत पडीक राहिलें म्हणजे नांगरणी नाहीं, खुरपणी नाहीं, कापणी नाहीं. आणि काम नाहीं म्हणजे मजुरी नाहीं. १८८० सालच्या दुष्काळ कमिशनानेंही हेंच ओळखलें कीं, असा दुष्काळ धान्याच्या तुटवड्यापेक्षांही कामाच्या तुटवड्याचा असतो.

म्हणून सरकारनें कामें काढलीं. दौंडहून मनमाडास जाणारी आगगाडी १८७८ सालीं सुरू झाली. तिच्या मातीकामावर दुष्काळी मजूर खपले होते. आज त्या मार्गानें प्रवास करणाऱ्यानें खिडकींतून दिसणारा भराव पाहावा. तो भुकेलेल्या माणसांनीं पाट्यांनीं वाहिलेला आहे. कामें निघालीं, पण मजुरीविषयीं मोठा वाद झाला. हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधि सर रिचर्ड टेंपल ह्यांनीं १८७७ च्या आरंभीं असें ठरविलें कीं, धडधाकट पुरुषास दिवसाकाठीं एक पौंड धान्य, म्हणजे अर्ध्या शेराच्या आसपास, व वर अल्पसे पैसे पुरेत. दिवसभर खडी फोडणाऱ्यास एवढ्यानें काय होणार? मुंबई इलाख्यांत हजारों मजुरांनीं कामें सोडलीं, आणि पुणें सार्वजनिक सभेनें त्यांचें गाऱ्हाणें सरकारपुढें मांडलें. ह्या अनुभवांतूनच पुढें दुष्काळाविषयींचे नियम लेखी झाले: पीक बुडाल्याचीं चिन्हें कोणतीं, काम केव्हां काढावें, म्हाताऱ्यांस व लेंकरांस काय द्यावें.

दुसरा धडा असा: अन्न आहे एवढें पुरत नाहीं, तें विकत घेण्याचें सामर्थ्य गरिबाच्या हातीं वेळेवर आलें पाहिजे, आणि तें पोटापुरतें असलें पाहिजे.

४. केडगांव

१८९६-९७ सालीं व पुन्हां १८९९-१९०० सालीं दुष्काळ पडले, आणि पहिल्याच्या जोडीला पुण्यांत गांठीची मरी आली. ह्या दोन दुष्काळांशीं दौंड तालुक्यांतील केडगांवाचें नांव कायमचें जोडलें गेलें आहे. पंडिता रमाबाई ह्यांचे आईबाप रमाबाईंच्या तरुणपणीं दुष्काळांतच उपासमारीनें गेले होते. १८९७ सालीं मध्यप्रांतांतील दुष्काळाची वार्ता ऐकून त्या तिकडे गेल्या व शेंकडो निराधार मुली व बायका घेऊन आल्या. मरीच्या निर्बंधांमुळें त्यांस पुण्यांत ठेवणें कठीण झालें, तेव्हां केडगांवच्या माळावर वसती झाली. तीच मुक्ति. १९०० सालच्या गुजराथेंतील दुष्काळानंतर तेथील वसती दोन हजारांच्या जवळ गेली.

रमाबाईंनीं ह्या लेंकरांस नुसतें जेवूं घातलें नाहीं. विहिरी खणविल्या, जमीन लागवडीस आणली, विणकाम, छपाई, शेतकी शिकविली. हें सर्व अशा तालुक्यांत, जेथें पाऊस वीस इंच. भुकेल्यास एक दिवस भाकर दिली तर तो एक दिवस जगतो. पण ज्याला हातांत काम व कांहीं विद्या मिळाली, त्यास पुढचा दुष्काळ मागच्यासारखा मारूं शकत नाहीं. हा तिसरा धडा आहे.

५. १९१८ व १९७२

१९१८ सालीं पाऊस फार कमी झाला आणि त्याच वर्षीं इन्फ्लुएंझाची सांथ आली. देशांत एक कोटीहून अधिक माणसें गेलीं. धान्य महाग, शरीरें क्षीण, आणि घरोघर सर्वच आजारी. पाणी देण्यासही कोणी उठेना. पहिला धडा येथें पुन्हां खरा ठरला.

आतां १९७२ कडे वळूं. त्या पूर्वींचीं दोन वर्षेंही ओढीचीं गेलीं होतीं, आणि १९७२ सालीं पावसानें महाराष्ट्राच्या मोठ्या भागाकडे पाठच फिरविली. पिकांचा विचार केला तर हा दुष्काळ १८७६ पेक्षां फारसा सौम्य नव्हता. विहिरी आटल्या, गुरें कवडीमोलानें गेलीं, लोकांनीं परदेशांतून आलेली तांबडी मिलो ज्वारी व सुकडी खाऊन दिवस काढले. परंतु पूर्वींप्रमाणें लाखों माणसें मेलीं नाहींत. कां? १९७३ च्या मे महिन्यांत राज्यांत सुमारें पन्नास लाख माणसें सरकारी दुष्काळी कामांवर होतीं. खडी फोडणें, रस्ते, पाझर तलाव, नालाबांध अशीं तीं कामें. बायका व पुरुष एकाच कामावर जात, आणि आठवड्याच्या पगारावर घर चाले. ह्या अनुभवाच्या पायावर वि. स. पागे ह्यांनीं मांडलेली रोजगार हमी योजना पक्की झाली, व १९७७ सालीं तिचा कायदा झाला. मागेल त्यास काम मिळालें पाहिजे, हें तत्त्व प्रथम महाराष्ट्रानें कायद्यांत लिहिलें.

वाचकांनीं १८७७ व १९७३ हीं दोन वर्षें शेजारीं ठेवून पाहावीं. आकाश दोन्ही वेळां सारखेंच कोरडें होतें. खालीं माणसांनीं जें केलें तें वेगळें होतें. आमच्या सूत्राचा पुरावा तो हाच.

हें कोरडेपण येतें कोठून, ह्याचाही शोध शास्त्रज्ञांनीं केला आहे. पॅसिफिक महासागराचें पाणी मध्यावर व पूर्वेकडे नेहमींपेक्षां अधिक तापलें म्हणजे आपल्याकडील पाऊस पुष्कळदां दुबळा होतो. त्यास एल निनो म्हणतात. १८७७, १८९९, १९१८, १९७२ हीं सर्व अशींच वर्षें होतीं. म्हणजे दुष्काळ हा कोणा एका गांवावर आलेला कोप नव्हे. कोणाच्या पापामुळें किंवा कोणा बाईच्या नजरेमुळें मेघ परतले, असें कोणी म्हणेल तर उपदेशकांनीं त्यास हें शांतपणें समजावून सांगावें.

६. पूर, दरड व वादळ

खडकवासल्याचें धरण मुठेवर १८७९ च्या सुमारास पुरें झालें. पाण्याच्या दुर्भिक्षावर तो एक मोठा उपाय होता. परंतु १२ जुलै १९६१ रोजीं वरच्या बाजूस बांधून होत आलेलें पानशेतचें धरण फुटलें, त्याच्या लोंढ्यानें खडकवासलाही फुटला, आणि पुणें शहराचा नदीकांठ वाहून गेला. तें पाणी मुळामुठेंतून पुढें भीमेकडे गेलें. वढू ह्या संगमाच्या वरच्या बाजूस आहे. परंतु वढूच्याही वर आज भीमेवर चासकमान व भामेवर आसखेड अशीं धरणें आहेत. धरण हें उपकारक आहे. तथापि पावसाळ्यांत विसर्ग किती सुटला ह्याची वर्दी कांठच्या प्रत्येक घरीं पोंचली पाहिजे. गोठा, मोटार व झोंपडी नदीच्या पात्रापासून किती अंतरावर असावी, हें मागील पुराच्या खुणेवरून ठरवावें, यंदाच्या कोरड्या वाळूवरून नव्हे.

घोड नदीच्या खोऱ्यांत वरच्या अंगास आंबेगांव तालुक्यांतील माळीण हें गांव आहे. ३० जुलै २०१४ रोजीं सकाळीं डोंगराचा कडा खचला व १५१ माणसें त्याखालीं गेलीं. ३ जून २०२० रोजीं निसर्ग नांवाचें चक्रीवादळ कोंकणांतून घाट चढून पुणें जिल्ह्यांत आलें व मळ्यांचें आणि घरांच्या पत्र्यांचें फार नुकसान करून गेलें. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत दौंड, बारामती व इंदापूर ह्या दुष्काळी तालुक्यांतच ओढ्यांना मोठे पूर आले. कोरड्या मुलखांतील ओढा हा वर्षभर वाट असतो व एका रात्रींत नदी होतो. गुडघाभर पाणी पाहून त्यांत पाऊल घालूं नये, आणि बैलगाडी किंवा मोटारसायकल तर मुळींच घालूं नये.

७. आजचें संकट

कोणी म्हणेल, आतां भूकबळींचा दुष्काळ गेला. मग हा इतिहास कशाला? ऑक्टोबर २०१८ मध्यें सरकारनें १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्यें ४० तालुक्यांत. शिरूर व दौंड हीं दोन्ही नांवें दोन्ही याद्यांत होतीं. धान्य मिळालें, पण पाणी नव्हतें.

पूर्वीं कोठारांत धान्य सांठवीत. आज आपलें खरें कोठार भूमीच्या पोटांत आहे, आणि तें आपण भरण्यापेक्षां उपसतों अधिक. आपल्याकडील काळा कातळ पाणी फार थोडें धरतो. ज्याचे पदरीं पैसा आहे तो विंधनविहीर आणखी शंभर फूट खालीं नेतो व ऊंस जगवितो. त्यामुळें शेजारच्या गरिबाची साधी विहीर आटते, आणि वस्तीवरील बायकांस हंडा घेऊन टँकरची वाट पाहावी लागते. धान्याच्या दुष्काळांत जो न्याय मजुरीचा होता, तोच पाण्याच्या दुष्काळांत हिश्श्याचा आहे. पाणी आहे एवढें पुरत नाहीं. तें कोणास मिळतें हें पाहिलें पाहिजे.

ह्यावर उपाय आपल्या शेजारींच झालेले आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यांतील नायगांव येथें विलासराव साळुंखे ह्यांनीं पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम साधे होते: पाण्याचा वांटा जमिनीच्या मापानें नव्हे, घरांतील माणसांच्या संख्येनें, ज्यास जमीन नाहीं त्यासही वांटा, आणि ऊंस लावावयाचा नाहीं. नगर जिल्ह्यांतील हिवरे बाजारनें शेतीसाठीं विंधनविहिरी बंद केल्या, आणि दरवर्षीं पाऊस मोजून मग कोणतें पीक घ्यावें हें गांवसभेंत ठरविण्याची चाल पाडली. हीं गांवें आपल्यापेक्षां अधिक पावसाचीं नाहींत. त्यांनीं मेघ बदलले नाहींत, आपसांतला व्यवहार बदलला.

म्हणून आम्ही वाचकांस पुढील चार गोष्टी सुचवितों. (अ) गांवांत एक पर्जन्यमापक ठेवावा व शाळेंतील मुलांकडून रोजचा पाऊस वहींत लिहवावा. (आ) दर वैशाखांत गांवच्या पांच विहिरींचें पाणी दोरीनें मोजून ठेवावें. (इ) १९७२ चा दुष्काळ पाहिलेलीं माणसें आज वृद्ध आहेत. त्यांच्याकडून त्या वर्षाची हकीकत ऐकून लिहून घ्यावी. (ई) टंचाईच्या दिवसांत गांवच्या टोंकाची वस्ती, विधवा व भूमिहीन ह्यांस पाणी शेवटीं नव्हे, आधीं मिळेल अशी व्यवस्था गांवसभेंत बोलून ठरवावी, आणि ती पाऊस चांगला असतांनाच ठरवावी. कारण तहानलेल्या माणसांची सभा शांतपणें चालत नाहीं.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. शिरूर-दौंडकडे पाऊस कमी असतां भीमेला मोठे पूर कां येतात?
२. १८७६ सालीं आगगाडी असूनही माणसें कां मेलीं?
३. १८७७ व १९७३ ह्या वर्षांत मजुरांची स्थिति कशी वेगळी होती?
४. तुकारामबुवांनीं नदींत सोडलेले कागद व सुप्यास जाळलेले कागद ह्यांत साम्य कोणतें व भेद कोणता?
५. नायगांवच्या नियमांपैकीं कोणता नियम आपल्या गांवीं सर्वांत अवघड जाईल? कोणास, व कां?

पांचव्या प्रश्नाचें उत्तर वर्गांत घाईनें देऊं नये. ज्यांच्या विहिरीस पाणी आहे व ज्यांच्या विहिरीस नाहीं, अशा दोघांनींही एकत्र बसून तें शोधावें.